पंपावरचा दर, सरकारी कर आणि आपली गाडी

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी लेखक नव्हे आणि वक्ताही नव्हे. उभा जन्म मोटारी चालविण्यात, त्या दुरुस्त करण्यात आणि त्यांचा खर्च वहीत मांडण्यात गेला. तेव्हा ज्या विषयाचे थोडेबहुत ज्ञान अनुभवाने पदरी पडले आहे, त्याच विषयावर लिहावे हे बरे, असा विचार करून हा लेख वाचकांपुढे ठेवीत आहे.

निमित्तही तसेच आहे. आपल्या कार्यकारिणीच्या सभेत एक प्रश्न पुनःपुन्हा येतो. रुग्णवाहिकेचा दर किलोमीटरचा आकार वाढवावा की नाही? वाढवावा, तर आजाऱ्याला बालाघाटला किंवा नागपूरला घेऊन निघालेल्या गरीब नातेवाइकाच्या खिशाला चटका बसतो. न वाढवावा, तर न्यासाच्या शिलकेला गळती लागते. मग चर्चा मूळ प्रश्न सोडून भलतीकडेच जाते. कोणी म्हणतो सरकार लुटते, कोणी अरबांना बोल लावतो, तर कोणी बिचाऱ्या पंपवाल्याला. वस्तुतः पंपावरचा दर कशाकशाचा बनतो, तो कोण ठरवितो, आणि तेलखाऊ गाडी दारात असलेल्या माणसाच्या हाती त्यातले काय उरते, हे एकदा शांतपणे समजून घेतले तर निम्मा वाद आपोआप मिटेल. तेवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्याच प्रांतातला खटला

पेट्रोलवर केंद्र सरकारही कर घेते आणि राज्य सरकारही घेते. असे दोघांनी कर घेणे कोठून सुरू झाले, असे विचारले तर त्याचे उत्तर फार दूर शोधावयास नको. ते आपल्याच जुन्या मध्यप्रांत व वऱ्हाडात सापडते.

त्या काळी बालाघाट, भंडारा, नागपूर हे सारे जिल्हे एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. १९३८ साली या प्रांताच्या कायदेमंडळाने मोटार स्पिरिट, म्हणजे पेट्रोल, आणि वंगणाचे तेल यांच्या किरकोळ विक्रीवर शेकडा ५ प्रमाणे कर बसविणारा कायदा केला. दिल्लीच्या सरकारला तो रुचला नाही. पेट्रोलवर उत्पादन शुल्क घेण्याचा अधिकार केंद्राचा आहे, प्रांताने विक्रीकराच्या नावाखाली त्याच मालावर हात मारला आहे, असा आक्षेप निघाला. गव्हर्नर जनरलांनी हा प्रश्न नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टाकडे अभिप्रायासाठी पाठविला. त्या न्यायालयापुढे आलेले हे पहिलेच प्रकरण होय. सर मॉरिस ग्वायर हे मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्यासमवेत सर शाह सुलेमान आणि आपले मुकुंदराव जयकर हे न्यायाधीश होते.

डिसेंबर १९३८ मध्ये अभिप्राय आला आणि तो प्रांताच्या बाजूने आला. त्याचा सारांश सोप्या भाषेत असा सांगता येईल: माल तयार होतो त्या टप्प्यावरचा कर तो उत्पादन शुल्क, आणि माल गिऱ्हाइकाच्या हाती विकला जातो त्या टप्प्यावरचा कर तो विक्रीकर. दोन्ही कर एकाच मालावर पडले तरी ते निराळे आहेत आणि दोन्ही सरकारांना आपापला अधिकार आहे.

वाचकहो, आज पंपावर मिळणाऱ्या पावतीमागे उभी असलेली व्यवस्था मुळात हीच आहे. मध्ये राज्यघटना आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. एकाच प्रांतातली गावे दोन राज्यांत वाटली गेली आणि दोन राज्यांचे विक्रीकर निराळे झाले. पुढे २०१७ साली देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हाही कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन या पाच वस्तू त्याबाहेर ठेवण्यात आल्या. म्हणून साबण आणि टायर यांवरचा कर तुमसरात व तिरोडीत सारखा झाला, पण पेट्रोलवरचा झाला नाही.

कोळशाची मोटार

कायद्याने दर ठरतो, तसा कायद्याने पुरवठाही आवळता येतो, हे जुन्या पिढीने युद्धकाळात पाहिले. १९४१ पासून पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. कूपन दाखविल्याशिवाय पेट्रोल मिळेनासे झाले. १९४२ च्या वसंतात रंगून पडले, ब्रह्मदेशातील तेलविहिरी हातच्या गेल्या आणि टंचाई अधिकच कडक झाली.

तेव्हा सर्व्हिस मोटारींच्या पाठीमागे लोखंडी भट्टी बसविण्यात आली. तीत लाकडी कोळसा पेटवावयाचा, त्यातून मोजकीच हवा आणि थोडी वाफ ओढावयाची, म्हणजे जळाऊ वायू तयार होतो. तो वायू थंड करून, गाळून इंजिनात सोडला की मोटार चालते. पण पेट्रोलपेक्षा तिची ताकद पुष्कळ कमी. सकाळी भट्टी पेटवून पंखा फिरवीत बसावे लागे, गाळणी काजळीने भरे, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून मोटारीला हात लावावयाचा. आमचे वडील या गोष्टी मोठ्या रंगात येऊन सांगत. त्यांच्या बोलण्याचा शेवट मात्र नेहमी एकच असे: "तेल नसले तरी माणूस प्रवास थांबवीत नाही, पण मोजून प्रवास करावयास शिकतो." हे मोजणे पुढे आपण विसरलो.

युद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपगाड्या विक्रीस निघाल्या. खाणी, जंगल आणि कच्चे रस्ते असलेल्या मुलखात जीपसारखी दुसरी गाडी नव्हती. नदीचा उतार असो की मुरमाचा चढ, ती कोठेही अडत नसे. तिचे इंजिन सुमारे २२०० सी.सी.चे, पेट्रोलवर चालणारे. ते काही काटकसरीसाठी बनविलेले नव्हते, लढाईसाठी बनविलेले होते. पेट्रोल स्वस्त होते तोवर याचे कोणाला काही वाटले नाही.

दर कोण ठरवी?

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे तेलाचा व्यापार बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक (पुढे एस्सो) आणि कॅलटेक्स या परदेशी कंपन्यांच्या हाती होता. परदेशातून माल आणला असता तो बंदरात कितीला पडला असता, त्यावरून येथील किंमत बांधावयाची, अशी पद्धत होती. सरकारने या किमतींची छाननी करण्यासाठी समित्या नेमल्या. त्यांतील १९६१ ची पहिली महत्त्वाची समिती के. आर. दामले यांच्या अध्यक्षतेखाली होती.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. आपल्याकडेही पेट्रोल एकदम महागले. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसद भवनात गेले, ही गोष्ट पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्याच दशकात परदेशी कंपन्या सरकारच्या ताब्यात आल्या. एस्सोची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली आणि बर्मा-शेलची भारत पेट्रोलियम झाली.

यानंतर सरकारनेच सर्व दर ठरवावयाचे, असा काळ आला. गरिबाच्या चुलीचे व दिव्याचे रॉकेल स्वस्त, शेतकऱ्याचे व मालट्रकचे डिझेल स्वस्त, आणि मोटारवाल्याचे पेट्रोल महाग, असे त्याचे सूत्र होते. हेतू चांगला होता, पण त्याचे दोन दुष्परिणाम झाले. पहिला, स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळले जाऊ लागले आणि इंजिने खराब झाली. दुसरा, ज्याला सवलतीची गरज नव्हती असा श्रीमंत मनुष्यही मोठी डिझेल मोटार घेऊन शेतकऱ्याच्या नावाचे डिझेल जाळू लागला. २०१० साली किरीट पारीख यांच्या समितीने डिझेल मोटारींवर जादा उत्पादन शुल्क लावावे अशी शिफारस केली, ती याच कारणाने.

ही व्यवस्था पुढे टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली. जून २०१० मध्ये पेट्रोलचा दर सरकारी बंधनातून मोकळा झाला. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा थोड्या पैशांनी वाढू लागले, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळे झाले. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी ६ वाजता नवा दर लागू करण्याची पद्धत आली.

कायद्याची एखादी ओळ कशी उलटी फिरते, याचे एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. जानेवारी २०१३ मध्ये घाऊक घेणाऱ्यांसाठी डिझेल लिटरमागे सुमारे १० रुपयांनी महाग करण्यात आले, किरकोळ पंपावर मात्र ते स्वस्तच राहिले. महाराष्ट्राच्या एस.टी.ला स्वतःच्या आगारात टँकरने आलेले डिझेल महाग आणि रस्त्यावरच्या पंपावरचे स्वस्त, अशी स्थिती झाली. तेव्हा एस.टी.च्या गाड्याही पंपांवर रांगेत उभ्या राहिल्या. जास्त माल घेणाऱ्याला जास्त दर, असा उफराटा बाजार त्या वेळी पाहावयास मिळाला.

माझी एक चूक

आता एक गोष्ट प्रांजळपणे सांगतो. २०१२ साली न्यासासाठी गाडी घ्यावयाची होती. मे महिन्यात पेट्रोल एकदम वाढले होते. दिल्लीचा दर लिटरला ७३ रुपयांच्या वर गेला आणि डिझेल मात्र ४१ रुपयांच्या आसपास होते. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! मी सभेत आग्रह धरला की लहान पेट्रोल गाडीच्या भानगडीत पडू नये, मोठी, दणकट डिझेल गाडीच घ्यावी. तेल जास्त लागले तरी ते स्वस्त आहे. सभासदांनी माझ्या अनुभवाला मान दिला आणि मोठी गाडी आली.

मी हिशेब केला होता, पण तो त्या दिवसाच्या दरावर केला होता. हा फरक बाजाराने पाडलेला नसून सरकारी धोरणाने राखलेला आहे आणि धोरण बदलले की तो जाईल, हे मी ध्यानात घेतले नाही. दोनच वर्षांत डिझेल मोकळे झाले. त्याच सुमारास जगात कच्चे तेल कोसळले. आता तरी आपल्याला स्वस्त मिळेल, असे वाटत होते. पण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढविले आणि स्वस्ताईचा मोठा भाग तिकडे गेला. २०१४ मध्ये डिझेलवर लिटरमागे ३ रुपये ५६ पैसे असलेले शुल्क मे २०२० मध्ये ३१ रुपये ८३ पैशांवर गेले. २४ जून २०२० रोजी तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले, जे पूर्वी कधी घडले नव्हते. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये डिझेलवरील शुल्क १० रुपयांनी आणि मे २०२२ मध्ये आणखी ६ रुपयांनी कमी करण्यात आले.

या सर्व उलथापालथीत आमची मोठी गाडी मात्र पूर्वी जेवढे पीत होती तेवढेच पीत राहिली. दर चंचल आहे, गाडीची तहान कायमची आहे. मी चंचल गोष्टीवर भरवसा ठेवून कायमची गोष्ट दारात आणून बांधली, ही माझी चूक झाली.

एका लिटरची फोड

पंपावरचा दर पाच थरांचा असतो. पहिला, शुद्धीकरण कारखान्यातून निघालेल्या तेलाची किंमत. ती जागतिक बाजार आणि रुपया-डॉलरचा भाव यांवर हलते. दुसरा, डेपोपासून पंपापर्यंतचे वाहतूकभाडे. तिसरा, केंद्राचे उत्पादन शुल्क, जे लिटरमागे ठरावीक रुपये असते. चौथा, पंपवाल्याचे कमिशन. आणि पाचवा, राज्याचा मूल्यवर्धित कर, ज्याला आपण व्हॅट म्हणतो. हा मुख्यतः शेकडेवारीने असतो आणि वरच्या चारही थरांवर बसतो. म्हणजे केंद्राने घेतलेल्या शुल्कावरही राज्याचा कर पडतो, आणि तेल महागले की राज्याचा हिस्सा आपोआप वाढतो.

जिल्हा डेपोपासून जितका दूर तितका दुसरा थर जाड होतो. एकाच राज्यात भोपाळचा दर निराळा आणि टोकाच्या जिल्ह्याचा निराळा, याचे कारण हेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या राज्यातील अनुपपूर येथे साध्या पेट्रोलने लिटरला १०० रुपयांची रेषा ओलांडली. त्यात या लांबच्या वाहतुकीचाही वाटा होता.

समजुतीसाठी सोपे आकडे धरू. तेल, वाहतूक आणि कमिशन मिळून ५९ रुपये आणि केंद्राचे शुल्क २० रुपये. झाले ७९. एका राज्यात व्हॅट शेकडा ३० असेल तर २३ रुपये ७० पैसे आणखी, म्हणजे पंपावर १०२ रुपये ७० पैसे. शेजारच्या राज्यात तो शेकडा २५ असेल तर १९ रुपये ७५ पैसे, म्हणजे ९८ रुपये ७५ पैसे. तेल तेच, मोटार तीच, फरक ३ रुपये ९५ पैशांचा.

सीमेपलीकडचा पंप

बावनथडी ही बराच पल्ला दोन राज्यांची सीमा होऊन वाहते. त्यामुळे पलीकडे जाऊन टाकी भरावी काय, हा प्रश्न तिरोडीच्या माणसाला नवा नाही. कोणत्या बाजूला स्वस्त, हेही कायमचे नसते. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने पेट्रोलवरचा कर लिटरमागे ५ रुपयांनी आणि डिझेलवरचा ३ रुपयांनी उतरविला. त्यानंतर मुंबईत पेट्रोल १०६ रुपये ३१ पैसे झाले, तेव्हा भोपाळात ते १०८ रुपये ६५ पैसे होते. त्याच्या आधी मात्र मुंबईचाच दर चढा होता.

तेव्हा हिशेब करावा. वर धरलेला ३ रुपये ९५ पैशांचा फरक घेऊ, आणि स्वस्त पंप २० किलोमीटरवर आहे असे समजू. जाऊन येऊन ४० किलोमीटर झाले. जीपमध्ये ३० लिटर भरले तर वाचले ११८ रुपये ५० पैसे. पण जीप लिटरला १० किलोमीटर देत असेल तर या फेरीत ४ लिटर, म्हणजे ३९५ रुपये जळाले. पावणेतीनशे रुपयांचे नुकसान करून आपण बचतीच्या आनंदात घरी आलो! ट्रकमध्ये ३०० लिटर भरले तर १,१८५ रुपये वाचतात, पण लिटरला ४ किलोमीटर देणारा ट्रक या फेरीत १० लिटर, म्हणजे सुमारे ९९० रुपये जाळतो. हाती दोनशेही उरत नाहीत. तात्पर्य, गाडी कामासाठी त्या वाटेने जातच असेल तर तेथे टाकी भरावी, मुद्दाम जाऊ नये.

आणि एक विनंती. डब्यांतून, ड्रमांतून पेट्रोल आणून घरात साठविण्याच्या किंवा विकण्याच्या मोहात कोणी पडू नये. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने विनापरवाना साठ्यावर व विक्रीवर बंधन घातले आहे, ते नुसते महसुलासाठी नव्हे. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीवरूनही पेट घेते. चार रुपयांसाठी घर धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही.

अ‍ॅव्हरेजचे खरे गणित

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. लिटरला किती किलोमीटर, असे आपण विचारतो. त्याऐवजी १०० किलोमीटरला किती लिटर, असे विचारावे. पुष्कळ गैरसमज त्याने दूर होतात.

समजा, एका माणसाकडे दोन गाड्या आहेत. एक जुनी जीप, लिटरला ५ किलोमीटर देणारी. दुसरी लहान मोटार, लिटरला १५ किलोमीटर देणारी. त्याच्याजवळ एकच गाडी बदलण्यापुरता पैसा आहे. लहान मोटार बदलली तर १५ चे २० होतात. जीपचे इंजिन बदलले तर ५ चे ७ होतात. दिसताना पाच किलोमीटरची वाढ मोठी दिसते. पण १०० किलोमीटरचा हिशेब मांडा. लहान मोटारीला पूर्वी ६.७ लिटर लागत, आता ५ लागतील. बचत १.७ लिटर. जीपला पूर्वी २० लिटर लागत, आता १४.३ लागतील. बचत ५.७ लिटर, म्हणजे तिपटीहून अधिक. सुधारणा करावयाची तर सर्वांत तहानलेल्या गाडीपासून करावी, असा याचा अर्थ.

आता न्यासाच्या गाडीकडे पाहू. मोठी गाडी लिटरला ९ किलोमीटर देते, म्हणजे १०० किलोमीटरला ११.१ लिटर. लहान रुग्णवाहिका १५ देईल असे धरले तर ६.७ लिटर. लिटरचा भाव ९५ रुपये समजला, तर १०० किलोमीटरमागे सुमारे ४२० रुपयांचा फरक पडतो. उलट, डिझेल लिटरमागे ५ रुपयांनी वाढले, तर मोठ्या गाडीचा १०० किलोमीटरचा खर्च फक्त ५५ रुपयांनी वाढतो. पाच रुपयांची वाढ झाली की आपण सभा बोलावतो आणि वर्तमानपत्र हातात घेऊन तावातावाने बोलतो. पण तिच्या साडेसातपट रक्कम गाडीच्या तहानेपोटी रोज जाते, तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

गाड्या कमी पिणाऱ्या निघाव्यात म्हणून सरकारनेही कारखानदारांवर बंधने घातली आहेत. प्रत्येक कंपनीच्या सर्व मोटारींचा सरासरी धूर, म्हणजे पर्यायाने सरासरी इंधन, ठरलेल्या मर्यादेत ठेवावे लागते. त्या मर्यादेचा पहिला टप्पा २०१७ साली आणि दुसरा २०२२ साली सुरू झाला. जुन्या गाड्यांना मात्र दुसऱ्या बाजूने चाप आहे. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. जुनी जीप हौसेने बाळगणाऱ्याने हे शुल्कही तिच्या खर्चात धरावे.

आणखी एक नवी गोष्ट. फेब्रुवारी २०२३ पासून उसाच्या मळीपासून व धान्यापासून केलेले इथेनॉल शेकडा २० या प्रमाणात मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. परदेशी तेल कमी लागावे आणि शेतमालाला गिऱ्हाईक मिळावे, हा त्याचा उद्देश. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी उष्णता असते. म्हणून अशा मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा शेकडा ६ ते ७ कमी बळ असते. अ‍ॅव्हरेज थोडे उतरले तर पंपवाल्याने माप मारले, असा आरोप लगेच करू नये. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व वायसर मात्र मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत.

चालकाच्या हाती असलेल्या गोष्टी साध्या आहेत. वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर ठेवावा, टायरमध्ये हवा बरोबर असावी, हवेची गाळणी साफ असावी, रेल्वेचे फाटक बंद असेल तर इंजिन बंद करावे, अर्धा क्लच दाबून गाडी हाकू नये. आजारी माणूस गाडीत असेल तेव्हा अर्थातच वेगाचा हिशेब बाजूला ठेवावा. परतीच्या रिकाम्या फेरीत तो पाळावा.

एक सूचना

शेवटी कार्यकारिणीपुढे एक सूचना नम्रपणे ठेवतो. रुग्णवाहिकेच्या आकाराचे दोन भाग करावेत. एक स्थिर भाग: चालक, टायर, ऑइल, विमा, दुरुस्ती. हा वर्षातून एकदाच ठरवावा. दुसरा इंधनाचा भाग: त्या दिवशीचा लिटरचा दर भागिले गाडीचे अ‍ॅव्हरेज. आपली गाडी ९ किलोमीटर देते, म्हणून डिझेल १ रुपयाने वाढले तर आकार किलोमीटरमागे ११ पैशांनी वाढावा आणि १ रुपयाने उतरले तर ११ पैशांनी उतरावाही. ५ रुपयांची वाढ झाली म्हणून किलोमीटरमागे २ रुपये वाढविणे हे अज्ञान होय, आणि गरजू माणसाकडून ते घेणे अन्याय होय. हा हिशेब कार्यालयाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, म्हणजे रात्री दोन वाजता गाडी मागावयास आलेल्या माणसालाही तो वाचता येईल आणि घासाघीस करण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.

दुसरे असे की, पुढची गाडी घेताना आजचा दर पाहून घेऊ नये. तिची १०० किलोमीटरची तहान पाहून घ्यावी. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत वर सांगितलेला फरक सुमारे सव्वासहा हजार रुपयांचा होतो. एवढ्या पैशांत दर महिन्याला कितीतरी निर्धन रुग्णांची खेप न्यासाला विनामूल्य करता येईल.

दिल्ली काय शुल्क लावील, भोपाळ काय कर घेईल आणि आखातात उद्या काय घडेल, हे आपल्या हाती नाही. १९३८ च्या त्या खटल्यापासून आजपर्यंत ते कधी नव्हतेच. गाडी किती पिणार आणि तो खर्च कोणाकडून कसा घेणार, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. पन्नास वर्षे या न्यासाने देणगीचा प्रत्येक पैसा जपून वापरला, म्हणूनच लोकांनी विश्वासाने दिले. तोच जपणुकीचा नियम गाडीच्या टाकीलाही लागू व्हावा, एवढीच या वृद्ध मोटारवाल्याची इच्छा आहे. असो. न्यासाच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा देऊन हा लेख पुरा करतो.